सर बाहेर गेल्या

सुनयना सूड घ्यायला निघाली तेव्हा तिच्या हाताशी एक रिक्षा होती, रिक्षावर दोन भोंगे होते आणि मध्ये तीन दिवस होते. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, निपाणीतल्या एका हॉलमध्ये रविराज सर भाषणाला उभे राहणार होते. त्यांच्यासमोरच्या खुर्च्यांवर कोण बसणार, हे मात्र ती ठरवणार होती.

हे सर कोण आणि तिचा त्यांच्यावर एवढा राग का, ते आधी सांगायला हवं.

सुनयना निपाणीची. आई कोंडाबाईनं आयुष्यभर विड्या वळल्या. सूप मांडीवर, पोरगी शेजारी आणि तोंड सतत चालू. त्या तोंडाचा वारसा पोरीकडे आला. वस्तीतल्या विहारात चौदा एप्रिलला पोरांची भाषणं व्हायची, त्यात सुनयनाचं नाव मुद्दाम शेवटी ठेवायचे, कारण ती बोलून झाल्यावर दुसऱ्या कुणाचं कुणी ऐकायचं नाही. बी.कॉम. झाली आणि बेळगावात नोकरीला आली, टिळकवाडीत, रविराज सरांच्या वर्गात, फोन घ्यायला.

तो वर्ग बोलायला शिकवायचा. 'अस्सल मी' असं त्याचं नाव. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तुम्ही तुम्हीच व्हा, करिअर आपोआप घडेल'. सर पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, आवाज दुधावरच्या सायीसारखा. स्वतःला 'बेळगावचा' म्हणायचे. खानापूरकडच्या कुठल्या गावातून आले ते कधी सांगायचे नाहीत.

मुलाखतीत त्यांनी तिला पाच मिनिटं बोलू दिलं आणि हसून म्हणाले, "छान बोलतेस. फक्त तो 'तो' काढ."

हा 'तो' म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी आलतो', 'मी सांगितलो' असंच म्हणतात. बायको चप्पल घालता घालता नवऱ्याला सांगते, "मी बाजारला जाऊन येतो," आणि नवरा पेपरातून मान वर न काढता "व्हय" म्हणतो. दारातून बाई गेली की बुवा, अशी शंका आजवर कुणाला आलेली नाही. पुण्याकडचा पाहुणा आला की तेवढा तो दचकतो.

सुनयनानं 'तो' काढायचं मनावर घेतलं. फोनवर चिठ्ठी चिकटवली: मी आले, मी गेले, मी सांगते. दिवसातून दोनशे फोन, सगळे रेकॉर्ड व्हायचे. प्रत्येक वाक्याच्या शेवटाशी पोचली की तिला वाटायचं, आता 'तो' येणार. मग त्या भीतीनं ती दिसेल त्या क्रियापदाला बाई करायला लागली. कुत्रा, बोका, ट्रक, पाऊस, सगळंच 'आली' आणि 'गेली'. एकदा कुणीतरी फोनवर सर आहेत का विचारलं, तर ही घाईघाईनं म्हणाली, "सर बाहेर गेल्या."

फोन ठेवल्यावर स्वतःच हसली. शेजारच्या टेबलावरची रूपाली हसली. विषय तिथंच संपायला हवा होता.

चार महिन्यांनी हजेरीचा कागद द्यायला ती वर्गात शिरली. ऐंशी माणसं बसलेली. सर लॅपटॉपपाशी उभे. आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून सुनयनाचा आवाज येत होता: "हॅलो, नमस्कार. सर न्हाई… नाहीत. सर बाहेर गेल्या. मी सांगतो. सांगते. मी कालपण फोन केलतो… केले… केली होती."

सरांनी आवाज थांबवला, वर्गाकडे बघितलं आणि विचारलं, "आता मला सांगा, हा मुलगा आहे की मुलगी?" थोडं थांबले. मग म्हणाले, "तिलाच माहीत नाही! जिला आपण कोण हे सांगता येत नाही, तिला जग नोकरी कशाला देईल?"

ऐंशी माणसं हसली. सुनयना दारात कागद घेऊन उभी होती, आणि आपला आवाज कुणी ओळखू नये म्हणून तीही हसली.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा सगळं सलग सांगितलं, पण या जागी अडकली. सर तिच्यावर हसले ते एक वेळ तिनं पचवलं असतं. त्यांनी तिलाच तिच्यावर हसायला लावलं, ते तिला पचलं नाही. ते ती विसरणार नव्हती.

रूपालीनं नंतर सांगितलं की जानेवारीपासून प्रत्येक तुकडीत हे लावतात. तू परवानगी दिलीस असं सर म्हणाले होते. सुनयना सरांच्या खोलीत गेली. सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, तुझं नाव कुठं घेतलंय असं विचारलं. तुझ्या एका चुकीतून केवढी माणसं शिकतात, याचा अभिमान धर म्हणाले. आणि ती उठायला लागली तेव्हा आवाजातली साय आणखी घट्ट करून म्हणाले, "राग आलाय? येऊ दे. रागही अस्सल असतो, सुनयना. त्याला जवळ घे."

तिनं जवळ घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही.

आईला सांगितलं, लांब पडतंय म्हणून सोडलं. खरं सांगायचं म्हणजे ते वाक्य आईपुढे परत म्हणावं लागलं असतं, आणि आईनं जन्मभर 'जातो-येतो'च केलेलं. खासबागेत तिची भाड्याची खोली होती. तिथं दोन आठवडे ती जवळजवळ मुकी राहिली. दुकानात बोट दाखवून सामान घ्यायची. भाजीवालीनं तर तिला एकदा खुणेनंच भाव सांगितला.

खोलीच्या खाली भरमाण्णाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गाद्या लावलेली एक खोली, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. रिक्षावर भोंगे लावून गावोगाव जो पुकारा फिरतो ना, सेलचा, यात्रेचा, रक्तदानाचा, तो इथं तयार व्हायचा. भरमाण्णाची घरची भाषा कन्नड, मराठी तो बाजारात शिकलेला. एका दुपारी त्याची ठरलेली मुलगी आली नाही, आणि गल्लीत साड्या विणणाऱ्या मागवाल्यांचा सेल दुसऱ्या दिवसावर आलेला. त्यानं जिन्यातून वर हाक मारली, की आक्का, वाचायला येतं न्हवं?

तिनं कागद वाचला. 'सर्व भगिनींना नम्र आवाहन' इथून सुरुवात. पहिल्याच ओळीला अडखळली. परत वाचला, परत तेच. भरमाण्णा काचेपलीकडून बघत होता. तो आत आला आणि तिच्या हातातला कागद काढून घेतला.

"आक्का, आईला फोन करतीस न्हवं? तिला सांग की सेल लागलाय म्हणून."

ती माइककडे बघत बसली. मग म्हणाली, "आये, कुठं निघालीस? थांब की. खासबागेत साड्या बघून मी आत्ताच आलो. एक आणायला गेलतो, तीन घेऊन आलो. आता घरात काय सांगू, तूच सांग."

भरमाण्णानं ते तसंच ठेवलं. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशी रिक्षा फिरली. तिसऱ्या दिवशी दुकानात बायका विचारत आल्या, की ती तीन साड्या घेतलेली आक्का कुठं बसते, आणि घरात काय सांगितलं तिनं शेवटी?

मग तीन वर्षं तिनं हेच काम केलं, आणि असं केलं की या पट्ट्यात तिच्याशिवाय रिक्षा फिरेना. एखाद्या गावाचं काम आलं की ती आदल्या दिवशी तिथं जायची, पिठाच्या गिरणीवर नाहीतर बस थांब्यावर तासभर बसायची. कुठं 'बगा' म्हणतात, कुठं 'बघा की', कुठं शब्दाच्या शेवटी सूर वर नेतात, ते टिपून घ्यायची. प्रत्येक गावाला वाटायचं ही आपलीच कुणाची तरी लेक. हरवलेल्या म्हशीचा पुकारा असा करायची की लोक गोठ्यात जाऊन आपली म्हैस मोजायचे. आणि कुणी गेल्याचा पुकारा असला, की माणसाचं नाव घेताना तिनं भरमाण्णाला आवाज घुमवणारं बटण कधी दाबू दिलं नाही. नाव कोरडं, सरळ, एकदाच.

काम सापडलं म्हणजे राग जातो, असं सरांच्या वर्गात शिकवत असतील. सुनयनाचा गेला नाही. उलट रोज माइकपुढे बसून तो चांगला पोसला. रूपाली अजून तिथंच नोकरीला होती. तिच्याकडून कळत राहायचं, की तो आवाज सर अजून लावतात, ऑनलाइन तुकडीतही लावतात, आणि हशा तितकाच येतो.

आणि मग एके दिवशी सरांच्याच ऑफिसातून भरमाण्णाला फोन आला. वर्गाची निपाणीत शाखा निघणार होती. उद्घाटनाला सरांचं भाषण. त्या भागात जो आवाज माणसं ओढून आणतो, तोच पाहिजे, असं सरांचं म्हणणं होतं.

भरमाण्णाला सगळं माहीत होतं. तो नाही म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात सुनयनानं त्याचा हात धरला.

ती काय करणार होती ते तिनं त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या आवाजावर निपाणीच्या बायकांपुढे हसू मागायला सरांनी उभं राहावं, आणि त्यांना ते मिळू नये. बस, एवढंच. रिकाम्या हॉलमध्ये नाही, भरलेल्या हॉलमध्ये.

भरमाण्णा म्हणाला, "निपाणीत तो ते कशाला लावतोय? एवढा येडा न्हाय तो."

"येडा न्हाय, हुशार हाय," सुनयना म्हणाली. "हुशार माणूस एकदा हशा मिळालेली जागा सोडत न्हाय, भरमाण्णा."

ऑफिसकडून आलेल्या कागदावर 'युवक-युवतींना सुवर्णसंधी' असं होतं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि रेकॉर्ड केलं: "अगं बायांनो, रविवारी चारला बेळगावहून सर येणार हाईत. तुमच्या पोरास्नी बोलायला शिकवणार म्हंत्यात. पोरं जाऊ देत मागनं, आधी तुम्ही जावा. काय शिकवत्यात ते तुमच्या कानांनी आयका. मी पण येतो."

नमुना ऑफिसला गेला. रूपालीनं पहिल्या शब्दाला आवाज ओळखला आणि काही न बोलता सरांना ऐकवला. सरांनी अर्धा ऐकला. गावठी आहे, पण तिकडे चालतं, म्हणाले. आया आल्या की प्रवेश होतातच. त्यांनी आवाज ओळखला नाही. तीन वर्षं दर महिन्याला तो लावत होते, ऐकला मात्र एकदाही नव्हता.

रिक्षावाला शामू पन्नाशीचा, कमी बोलणारा. सुनयनानं त्याला एकच अट घातली होती: आमच्या गल्लीत शिरायचं नाही. आईनं तिथं यायला नको होतं. बाकी निपाणीनं तिच्या आवाजाची खिल्ली कशी उडवतात ते ऐकलं तरी चालेल, कोंडाबाईनं नाही. शामूनं अट पाळली. पण कोंडाबाई शनिवारी सकाळी मालुबाईकडे पापड लाटायला गेली होती. मालुबाई तिची विड्यांच्या दिवसांपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडची. रिक्षा तिथून तीनदा गेली.

रविवारी पावणेचारलाच हॉल भरला. मळवट भरलेल्या आज्या, नुसतं पांढरं लुगडं नेसलेल्या आज्या, लेकुरवाळ्या, शाळेतल्या स्वयंपाकिणी, कॉलेजच्या पोरी आयांच्या मागं लपलेल्या. साउंड भरमाण्णाचंच होतं. सुनयना शेवटच्या रांगेच्या मागं, आवाज कमीजास्त करायच्या मशीनपाशी ओढणी डोक्यावरून घेऊन बसली. सर पुढच्या दारानं आले. साउंडवाल्याकडे कोण बघतं? त्यांनीही बघितलं नाही. भरलेला हॉल बघून त्यांचा चेहरा उजळला.

चारला पाच कमी असताना मालुबाई आत आली. तिच्या मागं कोंडाबाई.

दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या. सुनयनानं ओढणी आणखी पुढे ओढली. आता एकच आशा, की सर ते लावणार नाहीत. आणि तीच आशा तिला नको होती.

सर पाऊण तास बोलले. स्वतःला शोधा, स्वतःवर प्रेम करा, जे आत आहे ते बाहेर येऊ द्या. बायका माना हलवत होत्या. त्यांना उठून जायला संकोच वाटत होता आणि पंखे चांगले होते. मग सर लॅपटॉपकडे वळले आणि म्हणाले, "आता तुम्हाला एक गंमत ऐकवतो."

लॅपटॉपची वायर सुनयनाच्या मशीनमध्ये येत होती. तिचं बोट त्याच पट्टीवर होतं. पट्टी खाली ओढली असती तर आवाज आलाच नसता. सरांनी दोनदा बटण दाबलं असतं, तांत्रिक अडचण म्हणून हसले असते, आणि कोंडाबाईनं घरी जाऊन पापड मोजले असते.

भरमाण्णा तिच्या कानाशी वाकला. "आक्का, वायर काढू?"

तिनं आईच्या पाठीकडे बघितलं. अंबाडा, पदर, खांद्यावरचं ठिगळ. मग मानेनंच नको म्हणाली आणि पट्टी वर सरकवली. शेवटच्या खुणेपर्यंत.

"हॅलो, नमस्कार. सर न्हाई… नाहीत. सर बाहेर गेल्या. मी सांगतो. सांगते. मी कालपण फोन केलतो… केले… केली होती."

"आता मला सांगा," सर म्हणाले, "हा मुलगा आहे की मुलगी?"

आणि थांबले. नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा, हशासाठी सोडलेली जागा हशा आला नाही की केवढी लांब होते. पंख्यांचा आवाज ऐकू आला. कुठंतरी एक बाळ कुरकुरलं. सरांनी पुढचं वाक्य जिभेवर धरून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

मग मालुबाईचा आवाज आला, अगदी साधा, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसा. "बाईच हाय की. दुसरं काय?"

सर हसले. "पण मावशी, ती 'सांगतो' म्हणाली. ऐकलंत ना?"

"आयकलो की. मी पण सांगतोच म्हंतो. मला सात नातवंडं हाईत. आता मी बाई का बाप्या, ते तुम्ही सांगा."

पहिल्या दोन रांगा फुटल्या. हसू मागं सरकत आलं. सरांनी हात वर करून ते थांबवायला बघितलं, तेवढ्यात कोंडाबाई उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. तिच्या बोलण्यानं हॉल आपोआप गप्प झाला.

"ह्यो आवाज माझ्या लेकीचा, सुनीचा हाय. ती तुमच्याकडं कामाला होती."

सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग साय परत आली. "नाही, नाही, आई. हे आम्ही मुद्दाम तयार केलेलं उदाहरण आहे. अशी कुणी मुलगी नाही."

सुनयनानं या घटकेसाठी तीन वर्षं एक भाषण पाठ केलं होतं. त्यात अपमान होता, राज्यघटना होती, परवानगी हा शब्द चारदा होता. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तिनं मशीनजवळचा माइक उचलला.

"सर, मी हितं हाय."

दोनशे माना वळल्या. तीन दिवस गल्लीगल्लीतून हाच आवाज त्यांना बोलावत होता, आणि आत्ताच सरांच्या लॅपटॉपमधूनही हाच आला होता. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

सर लाल झाले. "तू? तुला मी ठेवून घेतलतो. तुझ्या त्या बोलण्यासकट ठेवून घेतलतो मी, आणि तू…"

तिथं ते थबकले. शिकलेल्या मराठीत 'घेतलं होतं' म्हणतात. 'मी घेतलतो' म्हणतो तो खानापूर, बेळगाव, निपाणीकडचा, घरात, आईशी भांडताना. ते त्यांनाही कळलं. आणि त्यांनी सवयीनं दुरुस्त केलं, माइकमध्ये, सगळ्यांदेखत: "म्हणजे… घेतलं… ठेवून घेतलं होतं."

"राहू द्या की सर," पुढच्या रांगेतली एक स्वयंपाकीण म्हणाली. "पहिलंच बरं होतं."

हॉल कोसळला. आज्या पदरात तोंड घालून हसल्या, पोरी आयांच्या मागून बाहेर आल्या. सर 'शांत व्हा' म्हणत होते. सुनयनानं त्यांच्या माइकची पट्टी खाली केली नाही. त्यांचं अडखळणं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला हवं होतं.

तिला त्यांची दया आली का, असं मी विचारलं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "आवाज चांगला हाय त्येंचा, तो खरा. चिडल्यावर आला तो. पुकाऱ्याला एक नंबर. पण तसलंच बोलणं घरात असून त्येंनी लोकास्नी माझ्यावर हसवलं, ह्याचा मला अजूनच राग आला."

हॉलमधून मायलेकी घरी निघाल्या. मालुबाई मध्ये चालत होती आणि घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगत होती, जणू त्या दोघी तिथं नव्हत्याच. तिची गल्ली आली, ती वळली. मग कोंडाबाईनं विचारलं, की त्या मशीनवर तूच बसलीवतीस, मग एवढा मोठा आवाज तूच केलीस?

सुनयना म्हणाली, व्हय.

"मी आत आलेलं बघितलीवतीस?"

"व्हय."

कोंडाबाई थांबली. पोरीला वाटलं आता हात उठतोय. आईनं पदर सारखा केला.

"मला आधी सांगितली असतीस," ती म्हणाली, "तर तंबाखूच्या वखारीतल्या सगळ्या बायका घेऊन आलो असतो. पहिल्या रांगेत बसवलो असतो."

आणि भरभर चालायला लागली. त्या रात्री तिनं लेकीचं ताट नुसतं पुढं सरकवलं. तीन वर्षं लपवून ठेवल्याचा राग वेगळा होता, आणि तो ती वेगळा काढणार होती.

मंगळवारी रूपालीचा फोन आला. शाखा बंद. प्रवेश एकही नाही. ज्या काही पोरांनी चौकशी केली होती त्यांना कळावं म्हणून रिक्षा एक दिवस फिरवायची होती. सरांचा निरोप होता की यावेळी आवाज दुसरा घ्या. भरमाण्णानं सांगितलं, की निपाणीसाठी माझ्याकडे दुसरा आवाज नाही, पाहिजे तर सरांनी स्वतः येऊन बोलावं.

दुपारी सुनयना माइकपुढे बसली. ऑफिसच्या कागदावर 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं होतं. तिनं कागद उलटा ठेवला.

"आयका गं बायांनो. बेळगावच्या सरांचा बोलायला शिकवायचा वर्ग रद्द झालाय. रद्द. आता तुमच्या पोरास्नी तुम्हीच बोलायला शिकवायचं हाय."

काचेपलीकडून भरमाण्णानं अंगठा दाखवला. पहिल्याच फटक्यात झक्कास आलंय, ऊठ म्हणाला. ती उठली नाही. पाण्याचा घोट घेतला आणि परत बोलली. मग परत. चौथ्या वेळी भरमाण्णा दार उघडून आत आला. शामू खाली रिक्षा चालू करून ताटकळलाय म्हणाला, ह्यात आता काय राहिलंय?

"'रद्द'वर घाई होतीया, भरमाण्णा," सुनयना म्हणाली आणि माइक जवळ ओढला. "अजून एक घेतो."